देशकरांचे कान

रायपूर
४ सप्टेंबर २०१३

श्री. हरिदास देशकर,

नऊ नोव्हेंबरला नव्या राजधानीतल्या सभागृहात तुमचं गाणं आहे. मराठी स्नेहमंडळानं त्याच्या साउंडचं काम आमच्याकडे दिलं आहे. फोन करता आला असता, पण फोनवर बोललेलं लोक नंतर नाकारतात. म्हणून लिहिते आहे. उत्तरही लेखीच पाठवा.

आधी कामाचं.

गाणाऱ्याच्या पायाशी तिरका स्पीकर ठेवतात, ज्याला आम्ही मॉनिटर म्हणतो, तो या सभागृहात मी ठेवणार नाही. मागची भिंत आवाज परत फेकते आणि सगळं गढूळ होतं. त्याऐवजी तुमच्या दोन्ही कानांत इअरपीस असतील आणि कमरेला छोटा रिसीव्हर. स्टेजवरचा प्रत्येक आवाज त्यातून थेट तुमच्या कानात येईल.

हे स्टिरिओ असेल. बहुतेक ठिकाणी दोन्ही कानांत एकच आवाज सोडून मोकळे होतात. मग पेटी, तबला, तानपुरा आणि स्वतःचा गळा हे सगळे कपाळाच्या मधोमध एकमेकांवर चढून बसतात, आणि गाणारा ‘वाढवा, अजून वाढवा’ म्हणत राहतो. स्टिरिओत प्रत्येकाला आपली बाजू मिळते. तुमचा आवाज मध्ये. आवाज थोडा असला तरी सगळं सुटं ऐकू येतं, आणि कानही शाबूत राहतात.

यासाठी नागपुरात कानाच्या डॉक्टरकडून दोन्ही कानांचे साचे काढून घ्या. त्या मापाचे इअरपीस बनतात. ते तुमचेच असतील, पण कार्यक्रमाआधी माझ्याकडे पाठवा. तपासल्याशिवाय मी कोणाच्या कानात काही घालत नाही.

तीन गोष्टी कळवा. पेटी आणि तबला कोणत्या बाजूला हवेत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा एका बाजूला हवा की दोन्हीकडे. माझ्या मते दोन्हीकडे असावा. आणि श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन माइक लावून त्यांचा आवाज तुमच्या कानात सोडू का? कान बंद झाले की सभागृह ऐकू येत नाही. काहींना त्यानं एकटं वाटतं.

आता दुसरं. मी बंडू रामटेकेची मोठी बहीण. दुकानाच्या पाटीवर अजून ‘बंडू साउंड’च लिहिलेलं आहे. नोव्हेंबर २००० मध्ये, वेगळं राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा, मैदानावर तुमचा कार्यक्रम झाला आणि साउंड बंडूचा होता. दुसऱ्याच गाण्यात तुमचा सूर उतरला. तुम्ही गाणं थांबवलंत, बंडूकडे बोट केलंत आणि माइकवर म्हणालात, ‘मॉनिटर बंद आहे. यांना कुठले कान?’ समोर सगळे अधिकारी बसले होते. त्यानंतर बंडूला एकही सरकारी कार्यक्रम मिळाला नाही, आणि पुढे खासगीही नाहीत.

मॉनिटर चालू होता.

नऊ नोव्हेंबरला पहिल्या गाण्याआधी तुम्ही एवढंच एक वाक्य माइकवर बोलावं, अशी माझी मागणी आहे. दुसरं काही नको.

शर्मिष्ठा रामटेके


नागपूर
१२ सप्टेंबर २०१३

सौ. शर्मिष्ठाताई यांना सादर नमस्कार.

आपलं पत्र हाती आलं आणि रायपूर डोळ्यांपुढे उभं राहिलं. पुरानी बस्तीतलं आमचं घर, देवळातली संध्याकाळची भजनं, वडिलांनी गोल बाजारातून डोक्यावर वाहून आणलेली पहिली पेटी! जिथं गळा फुटला त्या गावी पुन्हा गायचं म्हणजे माझ्यासाठी माहेरपणच. रायपूरकर मला अजून ‘आपला हरिदास’ म्हणतात, हे भाग्य किती कलावंतांना लाभतं?

आपण लिहिता तो प्रसंग मला खरोखर नीट आठवत नाही. मैफल म्हटली की मन एका वेगळ्याच पातळीवर असतं. रागाच्या भरात एखादा शब्द निसटला असेल. मॉनिटर बंद होता एवढं मात्र पक्कं स्मरतं, कारण मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता आणि ती भीती गायकालाच ठाऊक. आपल्या बंधूंना त्यात काही लागलं असेल तर वाईट वाटतं. पण इतकी वर्षं आपण ते उराशी धरून बसावं? संगीत माणसाला विसरायला शिकवतं, ताई.

आपण विचारलेल्या गोष्टी: पेटी डावीकडे, तबला उजवीकडे. सगळ्या गाणाऱ्यांची बैठक अशीच असते, हे आपल्याला कोणी सांगितलं असेलच. तानपुरा माझ्या डाव्या हाताला पेटीजवळ असतो, तो कानातही डावीकडेच ठेवा. दोन्हीकडे वगैरे नको, मला तशी सवय नाही. श्रोत्यांकडचे माइक मुळीच नकोत. त्यांच्या खोकल्याशी आणि लेकरांच्या रडण्याशी मला काय करायचं आहे? रसिकांची दाद मला हृदयातून ऐकू येते.

साचे काढून झाले. डॉक्टरांनी कानात गार लगदा भरला तेव्हा अगदी बहिरं झाल्यासारखं वाटलं. इअरपीस तयार होताच पाठवतो.

आपला,
हरिदास


रायपूर
३० सप्टेंबर २०१३

श्री. देशकर,

मी सौ. नाही. मी तीस वर्षं कॉलेजात मुलींना फिजिक्स शिकवलं, आणि त्यात ध्वनी हे प्रकरण होतं. बैठकीची रीत मला कोणी सांगावी लागत नाही.

तुमचे इअरपीस पोचले. लाल खुणेचा उजव्या कानाचा, निळ्या खुणेचा डाव्याचा. दोन्ही तपासले, ठीक आहेत. डबीत घालून माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत.

पेटी, तबला, तानपुरा तुम्ही सांगितलं तसं होईल. श्रोत्यांचे माइक नाहीत. एक सूचना लिहिते आणि ती एकदाच लिहिते. गाताना एक इअरपीस काढू नका. काढायचे तर दोन्ही काढा. एक कान उघडला की त्यात सभागृहाचा आवाज उशिरा येऊन पडतो आणि दुसऱ्या कानात निम्मीच साथ उरते. तुमचा तानपुरा एकाच बाजूला आहे, हे लक्षात ठेवा.

आता तुम्हाला जे नीट आठवत नाही ते.

त्या दिवशी पहिल्या गाण्यानंतर तुमचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि दोन मोठे गुच्छ. नारळ तुम्ही तबलेवाल्याकडे दिलात. शाल खांद्यावर जड होत होती म्हणून ती घडी करून समोरच्या मॉनिटरवर टाकलीत. त्यावर दोन्ही गुच्छ रचलेत, फोटोत छान दिसावेत म्हणून. फोटोवाल्याला तुम्ही ‘हे पण घे’ म्हणालात, ते मी तिसऱ्या रांगेतून ऐकलं. मग तुम्ही दुसरं गाणं सुरू केलंत. मॉनिटर त्या लोकरीखाली आणि फुलांखाली वाजत होता. बंडू तिकडून हातानं खुणा करत होता, शाल काढा म्हणून. तुम्हाला वाटलं तो दाद देतो आहे. तुम्ही मान झुकवलीत.

मग सूर उतरला आणि तुम्ही बोट केलंत.

बंडूसारखा कान मी पुन्हा पाहिला नाही. मैदानात स्पीकर लावून टाळी वाजवायचा आणि कुठल्या बाजूला कुठला स्वर गुंजतो ते सांगायचा. मी नंतर घरी मोजून पाहायची, तो बरोबर असायचा. काम गेल्यावर तो सिलतऱ्याला लागला, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये. सळ्या कापायच्या मशीनजवळ उभं राहायचं, कानात कापसाचा बोळा. अकरा वर्षं. आता त्याचा उजवा कान गेला आहे. तुम्ही माइकवर जे म्हणालात ते मिलनं निम्मं खरं करून दाखवलं.

तुम्ही ‘याला’ म्हणाला नाहीत, ‘यांना’ म्हणालात. आमच्या पाऱ्यातले, म्हणजे वस्तीतले, लोक मैदानाच्या कडेला उभे होते. ते कोणाला उद्देशून होतं हे त्यांना कोणी समजावून द्यावं लागलं नाही.

तुमचं संगीत विसरायला शिकवत असेल. फिजिक्स शिकवत नाही.

वाक्य तेच आहे.

शर्मिष्ठा रामटेके


नागपूर
११ ऑक्टोबर २०१३

शर्मिष्ठाबाई,

आपल्या पत्राचा सूर मला आवडला नाही, हे स्पष्ट सांगतो. शब्दाचा असा कीस काढून त्यात जात शोधणं हे मला रुचत नाही आणि आपल्यासारख्या शिकलेल्या बाईंना शोभत नाही. माझ्या साथीदारांत सगळ्या समाजाची माणसं आहेत.

स्नेहमंडळाच्या पद्मजाताईंशी बोललो. साउंड दुसऱ्या कोणाला द्यावा, असं सुचवलं. त्या म्हणाल्या, ‘अहो हरिदासजी, रायपुरात असली स्टिरिओ सिस्टीम शर्मिष्ठा दीदींकडेच आहे. आणि आम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. त्यांना नाही म्हणायची आमची टाप नाही!’ आणि हसल्या. मीही हसलो. काय करणार?

तरी वाद मिटावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून माझ्याकडून एक मोठेपणा. नऊ तारखेला मध्यंतरात मी स्वतः आपल्या बंधूंना स्टेजवर बोलावीन. माझ्या हातानं त्यांना शाल पांघरीन, नारळ देईन, आणि ‘हे आमच्या जुन्या काळचे साथी’ म्हणून दोन चांगले शब्द बोलेन. उत्तम पश्मिना शाल मी इथून आणतो. झालं गेलं तिथंच संपेल. यापेक्षा अधिक कोणता कलावंत वाकेल, सांगा.

हरिदास देशकर


रायपूर
१८ ऑक्टोबर २०१३

श्री. देशकर,

शाल नको.

तुमचं पत्र बंडूला वाचून दाखवलं. तो अंगणात वायरी गुंडाळत बसला होता. हसला आणि म्हणाला, “पांघरून राहिला म्हणा आता मले! त्या टायमाले स्पीकरवर टाकली, आता माह्यावर टाकते. बाई, काहून उकरून राहिली तू हे? मले नाही पाहिजे काही त्याच्यापासून.”

त्याला नको आहे. मला पाहिजे. तो तुमच्या कार्यक्रमाला येणार नाही, त्यामुळे शाल आणलीत तर परत न्यावी लागेल.

तालीम त्याच दिवशी दुपारी चारला. हॉलचा मिक्सर बंडूची मुलगी मोनाली सांभाळेल. तुमच्या कानांचा मिक्सर मी सांभाळीन, स्टेजच्या डाव्या विंगेत. तुमच्या कानात जे जाईल ते सगळं रेकॉर्ड होईल. हे आम्ही प्रत्येक कार्यक्रमात करतो आणि तुम्हाला आधी सांगते आहे. पायाजवळच्या स्पीकरची हीच अडचण होती. गाणाऱ्याला काय ऐकू आलं याचा पुरावा हवेत विरून जायचा. आता विरत नाही.

शर्मिष्ठा रामटेके


नागपूर
१४ नोव्हेंबर २०१३

बाई,

तुम्ही मला ठरवून उघडं पाडलंत. भर सभागृहात, माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर. हा कट होता आणि तो तुम्ही सप्टेंबरपासून रचत होतात.

दुपारच्या तालमीत सगळं सुरेख होतं, मान्य करतो. पेटी डावीकडून, तबला उजवीकडून, मध्ये मी. इतकी स्वच्छ साथ मी आयुष्यात ऐकली नव्हती. तुम्ही मला भुलवलंत. संध्याकाळी पहिलं गाणं संपलं आणि कानात काय आलं? काही नाही! सहाशे माणसं हात हलवताना दिसत होती आणि एका टाळीचा आवाज नाही. पाण्याखाली बसून लोकांकडे बघावं तसं. दाद मिळाली की नाही हे न कळता माणूस दुसरं गाणं कसं उचलणार? मी डाव्या कानातला इअरपीस काढला, बस. एवढंच केलं. आणि तिथून पुढं माझे पाय जमिनीला लागेनात. हॉलमधून माझाच आवाज मागून येतोय, उजव्या कानात तबला धडधडतोय, सूर कुठं आहे तेच सापडेना.

मी प्रामाणिकपणे रसिकांना सांगितलं की माझ्या कानात काही येत नाही. त्यावर तुम्ही जे केलंत ते कोणत्याही सभ्य माणसानं केलं नसतं. पुरानी बस्तीतला माझा मावसभाऊ तिथं होता. तो मला आता फोनवर ‘कानात काही येतंय का रे?’ असं विचारून हसतो.

माझे इअरपीस स्टेजवर राहिले. ते ताबडतोब कुरियरनं पाठवा. ते माझे आहेत. फेब्रुवारीत नागपूरला माझा मोठा कार्यक्रम आहे.

ह. देशकर


रायपूर
२२ नोव्हेंबर २०१३

श्री. देशकर,

तुमच्या इअरपीसना मी हात लावला तो दोनदाच. एकदा तपासताना आणि एकदा तुम्ही ते स्टेजवर फेकून निघून गेलात तेव्हा उचलताना. पुसून पुन्हा डबीत ठेवले आहेत.

कटाबद्दल लिहिता. श्रोत्यांचे माइक लावू का, असं मी विचारलं. तुम्ही नको म्हणालात, दाद हृदयातून ऐकू येते म्हणून. तानपुरा दोन्हीकडे ठेवू का, असं मी विचारलं. तुम्ही डावीकडेच म्हणालात. एक कान काढू नका, असं मी लिहिलं. तुम्ही नेमका तानपुऱ्याचा कान काढलात. मी तुमच्यासाठी खड्डा खणला नाही. तुम्ही खणत होतात तेव्हा कंदील धरला, एवढंच.

तरी खोटं लिहिणार नाही. तुम्ही डावाच काढणार हे मला ठाऊक होतं. उजव्या हातात तुमच्या माइक असतो आणि दाद ऐकायला तुम्ही डावा हात कानामागे नेता, ही तुमची जुनी लकब. लोक त्यावर खूश होतात. दुसरी कोणी असती तर तालमीच्या वेळी गोडीनं पुन्हा आठवण करून दिली असती. मी दिली नाही. एकदाच सांगीन असं लिहिलं होतं आणि शब्द पाळला. तुम्ही तालमीत ‘वा!’ म्हणालात तेव्हा मी रिसीव्हरची बॅटरी बदलत होते. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी बॅटरीचं झाकण लावलं.

पहिल्या गाण्याआधी मी विंगेत उभी होते. वाक्यासाठी. तुम्ही माइक घेतलात आणि म्हणालात, ‘माझं रायपूर!’ वाट पाहिली. तुम्ही गाणं सुरू केलंत.

दुसऱ्या गाण्यात सूर उतरला. पेटीवाला तुमच्याकडे बघत होता, मग खाली बघू लागला. तुम्ही थांबलात. तुमचा हात उठला आणि बोट माझ्याकडे वळलं, अगदी तसंच, तेच बोट. ‘क्षमा करा रसिकहो, माझ्या कानात काही येतच नाहीये. या साउंडवाल्यांना...’ पुढचं मी तुम्हाला बोलू दिलं नाही.

हेडफोनवर मोनाली विचारत होती, “बुआ, दे दूँ?”

मी म्हटलं, “हव.”

तुमच्या कानात जात होतं ते तिनं जसंच्या तसं हॉलच्या स्पीकरवर सोडलं. मी विंगेतला माइक उचलून एकच वाक्य बोलले, ‘आता जे ऐकू येतंय ते देशकरांच्या कानात जाणारं आहे.’ सभागृहाच्या डाव्या बाजूनं तानपुरा घुमला, त्याला लागून पेटी. उजवीकडून तबला, कारण तबलेवाला बिचारा अजून वाजवतच होता. आणि मधोमध, स्वच्छ, तुमचा आवाज, ‘काही म्हणजे काहीच ऐकू येत नाहीये मला!’ तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “अरे भैया, सब तो आ रहा है!” आणि मग लोक हसले. तुमच्या डाव्या इअरपीसची तार छातीवर लोंबत होती. ती सगळ्यांना दिसली.

मला समाधान वाटलं. ते लपवत नाही.

आता बंडूचं. तो आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला तुमच्या कानांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यानं ते दोनदा ऐकलं. आधी डावा हेडफोन डाव्या कानाला लावून, मग हेडफोन उलटे करून उजवी बाजू त्याच डाव्या कानाला. स्टिरिओ त्याला असंच ऐकावं लागतं, एक बाजू संपली की दुसरी. मी वाट पाहत होते, तो तुमच्याबद्दल काही बोलेल म्हणून. तो म्हणाला, “पेटी जराशी जास्त होती, बाई. त्याच्या गळ्यावर चढून राहिली होती.”

मी तपासलं. बरोबर होतं.

मला वाटलं होतं की हे सगळं मी त्याच्यासाठी करते आहे, आणि त्याला पेटीच ऐकू आली. त्यानं माझं समाधान कमी झालं नाही. पण पुरं पडलं नाही, हे खरं. लोक तुम्हाला हसले. बंडूबद्दल त्यांना अजून काहीच माहीत नाही.

इअरपीस कुरियरनं पाठवणार नाही.

शर्मिष्ठा रामटेके


नागपूर
५ डिसेंबर २०१३

शर्मिष्ठाबाई,

नागपूरच्या आयोजकांनीही विचारलं. रायपूरला काय झालं, देशकर? इथं अशा गोष्टी फार लवकर पोचतात. ते म्हणतात, फेब्रुवारीत गाण्याआधी तुमचं आणि त्या साउंडवाल्यांचं मिटलं आहे असं कळलं तर बरं.

तुम्हाला हवं ते लिहून देतो. ‘नोव्हेंबर २००० च्या कार्यक्रमात मॉनिटर चालू होता. त्याच्यावर शाल मी टाकली होती. बंडू रामटेके यांची चूक नव्हती.’ खाली सही करतो आहे. शाल टाकल्याचं मला त्याच रात्री, हार काढताना आठवलं होतं. पण तोवर बोलून झालं होतं आणि सगळ्यांनी माझीच बाजू घेतली होती. मग ते बोलायचा दिवस कधी आलाच नाही.

आता हे कोणालाही दाखवा. इअरपीस पाठवा. नवे करायला डॉक्टरकडे गेलो होतो. तो लगदा कानात भरू लागले आणि मला बसवेना. उठून आलो. का ते विचारू नका.

हरिदास देशकर


रायपूर
१४ डिसेंबर २०१३

श्री. देशकर,

पत्र मिळालं. तुमची सही असलेलं वाक्य वाचलं आणि मागितल्यापेक्षा दोन वाक्यं जास्त आहेत हे मान्य करते. शालीचं मी मागितलं नव्हतं.

पण हे घेणार नाही. पत्र सोबत परत पाठवते आहे. बंडूची अब्रू तुम्ही चिठ्ठीत घेतली नव्हती. माइकवर घेतली, मैदानभर, आमच्या माणसांच्या देखत. ती जिथं गेली तिथूनच परत यायला हवी. ‘कोणालाही दाखवा’ म्हणता. मी दारोदार कागद दाखवत फिरणार नाही. मी निवृत्त झाले आहे, भिकारी झाले नाही.

पद्मजाशी बोलून ठेवलं आहे. एकोणीस जानेवारीला, संक्रांतीनंतरच्या रविवारी, स्नेहमंडळाचं हळदीकुंकू आणि तिळगूळ आहे. सभागृह नाही. मैदान आहे, तेच. तुमची तीन गाणी ठेवली आहेत. ‘ते येतील का, दीदी?’ असं तिनं विचारलं. मी म्हटलं, येतील. आमच्या पाऱ्यातल्या लोकांनाही या वेळी बोलावलं आहे, आणि बसायला खुर्च्या आहेत, पुढून दुसऱ्या रांगेपासून.

मैदानात भिंत नाही, म्हणून पायाशी मॉनिटर चालला असता. पण तुम्ही इअरपीसवरच गाल. श्रोत्यांचे दोन माइक लावणार आहे, नको म्हणालात तरी. तानपुरा दोन्हीकडे. या वेळी मला तुम्ही नीट गायला हवे आहात. ते वाक्य चांगल्या गाणाऱ्याच्या तोंडून आलं तरच लोक खरं मानतील.

तुमच्या कानांचा मिक्सर बंडू सांभाळणार आहे. त्यासाठी मला चार दिवस त्याच्याशी भांडावं लागलं. तो म्हणाला, “एका कानानं कसा करू वो स्टिरिओ?” मी म्हटलं, मला एका कानानं पेटी सांगितलीस तसा. मग तो उठला आणि तुमची डबी माझ्या खणातून घेऊन गेला. आता ती त्याच्या शर्टाच्या खिशात असते. मोनाली चिडवते, “पापा, हरिदासजी के कान लेके घूम रहे हो?” तो म्हणतो, “हव. बिना कान का गायेगा क्या वो?”

तेव्हा असं होईल. तुम्ही स्टेजवर याल, तुमचे कान उघडे असतील. बंडू विंगेतून चालत तुमच्याजवळ येईल, सगळ्यांसमोर. माइक चालू असेल. तुम्ही ते वाक्य बोलाल. मग तो डबी उघडेल, निळा तुमच्या डाव्या कानात घालील, लाल उजव्या, आणि जागेवर जाऊन बसेल. त्यानंतर तुम्ही गाल.

वाक्य नाही बोललात तर डबी उघडणार नाही. माइक मात्र चालूच राहील, आणि मैदान तुमची वाट पाहत असेल. मी समोर तिसऱ्या रांगेत बसेन. मागच्या वेळी तिथंच होते.

शाल आणू नका. थंडी आहे म्हणून आणलीत, तर अंगावरच ठेवा.

शर्मिष्ठा रामटेके